पुढं पळणारा हात

नरसिंग गजभारेची थट्टा कशावरूनही करावी. रंगवलेल्या मिशीवरून करावी, बुटक्या सायकलवरून करावी, अगदी सासुरवाडीवरून केली तरी तो हसून घेतो. लयीवरून मात्र करू नये. लयीचं नाव निघालं की हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस ताठ बसायचा, उजव्या हाताची बोटं मांडीवर चार वेळा आपटायचा आणि म्हणायचा, “घड्याळ चुकंल. हा हात न्हाई चुकायचा.” नांदेडच्या जुन्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्याच्याबरोबर पोती उचलणाऱ्यांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की कुणी किती वाजले विचारलं तर ते नरसिंगकडे बोट दाखवायचे. चेष्टाच होती ती, पण तिच्यात मान होता, आणि नरसिंगला दोन्ही आवडायचं.

मोंढ्यातली हमाली पोटासाठी. जिवासाठी धम्मानंदची गायन पार्टी. दोघं धर्माबादचे, एकाच गल्लीत वाढलेले. धम्मानंद भीमगीतं, बुद्धगीतं गायचा, नरसिंग ढोलकी धरायचा. कुठं जयंती, कुठं विहाराचं उद्घाटन, कुठं कुणाचा गृहप्रवेश. देगलूरपासून जळकोटपर्यंत आणि तिकडं औशापर्यंत वीस वर्षं ही जोडी जीपच्या मागच्या बाकावर आदळत फिरली. तुमची पार्टी किती जणांची, असं कुणी विचारलं की धम्मानंद सांगायचा, “आठ जणांची. पर सहा जण नसले तरी चालतंय.” हे ऐकून पेटीवाला दर वेळी रुसायचा आणि दर वेळी नरसिंग त्याची समजूत काढायचा.

अकरा वर्षांपूर्वी नांदेडात नरसिंगच्या गल्लीत राहणाऱ्या अश्वजितनं जुन्या मोंढ्यामागच्या एका खोलीत ‘त्रिशरण रेकॉर्डिंग’ काढलं. भिंतींना गादीवाल्याकडच्या जुन्या गाद्या ठोकल्या, माईक आणला, कॉम्प्युटर मांडला आणि पहिलं बोलावणं नरसिंगला धाडलं. पहिल्याच दिवशी त्यानं नरसिंगच्या डोक्यावर जाडजूड हेडफोन चढवला आणि सांगितलं, “काका, दोन्ही कान गच्च झाका बरं. न्हाईतर गाण्याचा आवाज ढोलकीच्या माईकात शिरतोय.” गाणारे यायचे ते एकच कान झाकायचे, आपला सूर उघड्या कानानं ऐकायची त्यांची रीत. नरसिंग सांगितल्या कामाचा माणूस. मोंढ्यात शंभर पोती म्हटलं की तो नव्व्याण्णववर थांबायचा नाही आणि एकशे एकावं उचलायचा नाही. त्यानं दोन्ही कान झाकले, ते अकरा वर्षं झाकले.

तो कॉम्प्युटर म्हणजे एक प्रकरण होतं. सकाळी चालू करून अश्वजित अंघोळीला जायचा, तो येईपर्यंत कसाबसा जागा व्हायचा. गाणं उघडायला लावलं की पडद्यावर एक गोल फिरत बसायचं आणि खोलीतले सगळे मुकाट्यानं त्या गोलाकडे बघत बसायचे. आतली हार्ड डिस्क जुनी. दहा-बारा आवाज एकदम वाजवायला सांगितले की तिची दमछाक व्हायची आणि गाण्यात कटकट, चिरचिर सुरू व्हायची. यावर अश्वजितनं एक उपाय काढला होता. कॉम्प्युटरनं आवाज थोडा साठवायचा आणि मग सोडायचा, म्हणजे तो अडखळत नाही. फक्त असा साठवलेला आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा पोचतो. वीस-पंचवीस पावलांवरच्या भिंतीसमोर टाळी वाजवली तर ती परत यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच. एवढ्याशा उशिराचं कोण काय घेऊन बसतं?

नरसिंगला पहिले आठ दिवस चमत्कारिक वाटलं. थाप मारावी आणि ती आपल्याच कानात मागाहून यावी, हा काय प्रकार? मग हातानं आपला आपण मार्ग काढला. थाप कानात वेळेवर यायला हवी असेल तर ती आधी मारावी लागते, हे त्याच्या डोक्याच्या आधी बोटांना कळलं. महिन्याभरात सगळं सुरळीत झालं आणि तो उशीर विसरूनही गेला.

तिसऱ्या वर्षी देगलूरला भर दुपारी एका मांडवात धम्मानंदनं एक गाणं संपवलं, पाणी प्यायला म्हणून उठला आणि नरसिंगला मांडवाच्या मागं घेऊन गेला.

“नरसिंग, तुझा हात पुढं पळायलाय.”

“माझा?”

“हाव. आजचंच न्हाई. लई दिवसांपसून बगायलोय.”

नरसिंगला वाटलं आपल्या अंगावरचे कपडेच कुणी ओढले. तो तरातरा मांडवात परत आला आणि पेटीवाला, कोरसवाले, पुढच्या रांगेतली माणसं, सगळ्यांच्या देखत म्हणाला, “ह्याचा गळा म्हातारा झालाय आन् म्हणतोय माझा हात पळतो. नाचता येईना अंगण वाकडं!” ढोलकी काखेत मारली आणि तो मिळेल त्या जीपनं नांदेडला निघून आला. धम्मानंद त्याच्या मागं रस्त्यापर्यंत आला होता, असं नंतर पेटीवाल्यानं सांगितलं. नरसिंगनं ते कानाआड केलं. त्यानंतर आठ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढं इतर पार्ट्यांनी दोन-चारदा बोलावलं आणि मग बोलावणं थांबवलं. नरसिंगजवळ प्रत्येकासाठी कारण तयार होतं. एक म्हणे त्याच्यावर जळत होता, दुसऱ्यानं जावयाला ढोलकीवर बसवलं होतं, तिसऱ्यानं डीजे घेतला होता. त्याची बायको कोंडाबाई अंगणवाडीत मदतनीस; बोलणं कमी, पण नेमकं. ती एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, “समदेच कसे वाईट निघाले हो?” त्या दिवशी नरसिंग ताटावरून उठला होता.

नंतर कंबर गेली आणि हमाली सुटली. आता नरसिंगला या जगात ढोलकी घेऊन बसायला एकच जागा उरली होती, अश्वजितच्या खोलीतली सतरंजी. दर वर्षी जानेवारीपासून चौदा एप्रिलच्या गाण्यांची तिथं रीघ लागायची. गाण्यावर नाव गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं, अश्वजितचं. नरसिंगचं कधीच नाही. त्याचं त्याला काही नव्हतं. जयंतीच्या मिरवणुकीत तो पांढरे कपडे घालून रस्त्याच्या कडेला उभा राहायचा, समोरून भिंतीएवढे स्पीकर जायचे, आणि हजारो माणसं ज्या थापेवर नाचत असायची ती थाप आपल्या हाताची आहे हे त्या गर्दीत त्याला एकट्याला माहीत असायचं. त्या एका दिवसासाठी तो उरलेलं वर्ष काढायचा.

यंदा जानेवारीतच कॉम्प्युटरनं मान टाकायला सुरुवात केली. गाणं अर्ध्यावर आलं की बंद पडायचा. परत चालू होईपर्यंत ढोलकीच्या कातडी पुडीचा सूर उतरायचा, नरसिंग पुन्हा दोऱ्या ओढून ती सुरात आणायचा, की हा पुन्हा बंद. गाणारे कंटाळून दुसरीकडे जायला लागले. नरसिंग अश्वजितच्या मागंच लागला. “बाळा, हे मढं बदल. ह्याच्या नादानं माझा हात थंड पडायलाय.” अश्वजित म्हणाला, मशीन बदलायची गरज नाही, नुसती डिस्क बदलली तरी पळेल, नवी एसएसडी टाकू, लातूरला अंबरीशच्या दुकानात चांगली मिळते. नरसिंगची मुलगी लातूरला दिलेली. तो दुसऱ्याच दिवशी बसमध्ये बसला. स्वतःच्या पायावर पाडायचा धोंडा आणायला माणूस इतक्या हौसेनं क्वचितच गेला असेल.

अंबरीश पूर्वी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. समजावून सांगायची सवय सुटलेली नव्हती. त्यानं काउंटरवर एक चपटी डबी ठेवली, मोबाईलच्या निम्मीसुद्धा नाही.

“एवढीशी?” नरसिंग म्हणाला.

“काका, जुन्या डिस्कमध्ये एक चकती गरगर फिरत असते आणि एक दांडी तिच्यावर माल शोधत बसते. यात फिरणारं काहीच नाही. मागितलं की हजर.”

“म्हंजे उशीर न्हाई?”

“अजिबात नाही.”

“बास. आमाला त्या उशिराचीच तकलीफ हाय.”

ती डबी त्यानं शर्टाच्या आतल्या खिशात घातली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, त्याचा हात खिशावरून हलला नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, छातीत दुखतं का. नरसिंग हसून म्हणाला, “न्हाई बाई, आता दुखायचं थांबलं.”

अश्वजितनं जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं, मशीनचं पोट उघडलं, जुनी काढली, नवी बसवली, स्क्रू आवळले. कॉम्प्युटर चालू केला, सवयीनं अंघोळीला उठला आणि दारातून परत आला. पडदा उजळून तयार बसला होता. गेल्या वर्षीचं सर्वांत जड गाणं त्यानं उघडलं. गोल दिसलंसुद्धा नाही. गाणं वाजलं ते सरळ, एकदाही न अडखळता. अश्वजितनं मग ती साठवणूकही काढून टाकली. “आता साठवायचं कामच न्हाई, काका. हिकडं थाप, तिकडं कानात.” नरसिंगनं आपल्या खिशातून सगळ्यांना चहा पाजला, नव्या सुनेचं कौतुक करावं तसं मशीनचं कौतुक केलं आणि घरी जाऊन कोंडाबाईला म्हणाला, “यंदाची जयंती बघ तू.”

दुसऱ्या दिवशी जळकोटहून ज्योत्स्नाताई आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, गळा गोड आणि बोलणं रोखठोक. बाबासाहेबांवरचं एक गाणं तिनं स्वतः लिहून आणलं होतं. नरसिंगनं पुडी सुरात लावली, दोन्ही कान झाकले आणि सुरुवात केली. चार मात्रांतच त्याला वाटलं, गाणं जड चाललंय. मागून कुणी पदर धरल्यासारखं. त्यानं नेटानं वाजवलं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. घामानं मिशीचा रंग ओघळायला लागला.

अश्वजितनं ते मोठ्या स्पीकरवर लावलं. ढोलकी पुढं, गाणं मागं. फार नाही, जिना उतरताना एक पायरी चुकावी तेवढंच. पण प्रत्येक मात्रेला.

“तुझं नवं मशीन गाणं मागं ओढायलंय,” नरसिंग म्हणाला.

अश्वजितचा हात माऊसवर गेला, पडद्यावरची ढोलकीची पट्टी त्यानं धरली आणि केसभर उजवीकडे सरकवली. परत वाजवलं. सगळं जिथल्या तिथं बसलं.

“दादा, आत्ता काय केलं तुम्ही?” ज्योत्स्नाताईनं विचारलं.

“काही न्हाई ताई. काकांचा ट्रॅक जरा मागं सरकवावा लागतोय.”

“मशीन नवीन आहे म्हणून का?”

“न्हाई, ते नेहमीच,” अश्वजित म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

नरसिंगनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “नेहमी म्हंजे कवापसून?”

“काका, ते जुन्या मशीनच्या उशिरापायी होतं. मला वाटलं, उशीर गेला की तुमचं बी आपोआप सरळ होईल.”

“कवापसून, अश्वजित?”

“पहिल्यापसून.”

“अकरा वरसं?”

“हाव.”

“आन् मला सांगितलं न्हाईस.”

“काय सांगायचं होतं? दोन सेकंदाचं काम माझं. उगं तुमचं मन कशाला दुखवायचं.”

भल्या माणसांचं हेच वाईट असतं. वैरी तोंडावर बोलून मोकळा होतो. भला माणूस तुमची चूक आपल्या हातानं पुसत राहतो, आणि मग एक दिवस त्याचा हात चुकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. नरसिंगची मूठ अकरा वर्षं दुसऱ्यानं झाकून धरली होती, आणि ती झाकलेली आहे हे नरसिंगलाच माहीत नव्हतं.

“फिरून घे,” तो म्हणाला. या वेळी त्यानं हात रोखून धरला. रोखला की थाप लंगडी पडायची, सोडला की पळायची. वीस मिनिटं हे चाललं. शेवटी ज्योत्स्नाताई हळूच म्हणाली, “काका, माझी बस आहे. आपण पुढच्या रविवारी बघू.” पोराला परीक्षेत नापास झाल्याचं सांगताना शिक्षिका जशा मऊ बोलतात तशी ती बोलली. नरसिंगला ते सर्वांत जास्त लागलं.

घरी जाताना तो सायकलवर बसला नाही, नुसती हातात धरून चालत राहिला. निम्म्या वाटेवर त्याला धम्मानंद आठवला आणि तो रस्त्यात थांबला. धम्मानंदनं खरं सांगितलं होतं. सगळ्या जगात त्या एकट्यानं सांगितलं होतं, तेही बाजूला घेऊन, हळू आवाजात. आणि आपण त्याला चारचौघांत म्हातारा म्हटलं. मग बोलावणं बंद करणाऱ्या पार्ट्या आठवल्या. एकेकाचं नाव घेऊन त्यानं मनातल्या मनात दिलेल्या शिव्या परत घेतल्या. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

कोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलंच होतं, असं ती म्हणाली नाही. “जेवून घ्या,” म्हणाली. आणि जेवण झाल्यावर, “हातात जे बसलंय ते उठंल बी. शिका पहिल्यापसून.”

तो शिकायला बसला. अश्वजितनं त्याच्या मोबाईलमध्ये एकसारख्या लयीची टिकटिक भरून दिली. रोज सकाळी कोंडाबाई अंगणवाडीत गेली की नरसिंग दार लावून बसायचा, मोबाईल समोर, ढोलकी मांडीवर, कान उघडे. पहिल्या थापेपासून, लहानपणी धर्माबादला शिकला होता तसं. पण लहानपणी हात रिकामा होता. आता तो भरलेला होता. लक्ष दिलं की थाप टिकटिकीवर पडायची, पण ती मेलेली असायची. हमालानं पोतं खाली ठेवावं तशी. जरा रंगात आला की हात पुढं सुटायचा, आणि रंगात न येता ढोलकी वाजवायची कशी हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. फेब्रुवारी गेला, मार्च अर्धा गेला. बोटांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. एकदा कोंडाबाई लवकर घरी आली तर आतून ढोलकीचा आवाज नव्हता, नुसती टिकटिक चालली होती, आणि नरसिंग भिंतीला टेकून आपल्या हाताकडे बघत बसला होता.

अश्वजितलाही चैन नव्हतं. एक दिवस तो स्वतः बोलवायला आला. “काका, चला. मी तुमच्यापुरता जुना उशीर परत लावलाय.”

नरसिंग गेला. सतरंजीवर बसला, दोन्ही कान झाकले, वाजवायला लागला आणि दोन ओळींत त्याचे डोळे भरून आले. हात आणि कान यांचं दोन महिन्यांचं भांडण मिटलं होतं. थाप जिथं पडायला हवी तिथंच पडत होती. गेलेली हमाली, गेलेली कंबर, आठ वर्षांचा अबोला, सगळं विसरून तो वाजवत होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, वाजवता वाजवता त्यानं मान तिरकी केली आणि खांद्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. आज गाणं स्पीकरवरही हळू आवाजात चालू होतं. उघड्या कानाला खोलीतली खरी ढोलकी ऐकू आली. ती पळत होती. झाकल्या कानात तीच ढोलकी अगदी बरोबर होती.

त्यानं हेडफोन काढला आणि व्यवस्थित वायर गुंडाळून टेबलावर ठेवला.

“काका, कुणाला कळतंय? मी सरकवून देतो. लोकांपुढं गाणं बरोबरच जातंय की.”

“मला कळतंय.”

“यंदापुरतं तरी.”

“न्हाई बाळा. तुझं काही चुकलं न्हाई. पर न्हाई.”

ज्योत्स्नाताईचं गाणं कॉम्प्युटरमधल्या ढोलकीवर झालं. ती ढोलकी मशीनमध्ये कधीपासून होती, पण जुन्या डिस्कवर तिला उघडायलाच पाव तास लागायचा, म्हणून माणूस बोलावणं परवडायचं. नव्या डिस्कवर ती बोट लावताच उघडली. मागोमाग बाकीचीही सगळी गाणी तशीच झाली. अश्वजितनं नरसिंगला ज्योत्स्नाताईचं गाणं ऐकवलं. नरसिंगनं शेवटपर्यंत ऐकलं. ढोलकी वेळेवर होती. बोट ठेवायला जागा नव्हती.

चौदा एप्रिलला त्यानं पांढरे कपडे घातले, विहारात वंदना घेतली आणि मिरवणूक निघायच्या आत घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा. कोंडाबाईनं खिडकी लावून घेतली, पण त्या स्पीकरपुढं खिडकीचं काय चालणार? भिंती थरथरत होत्या. नरसिंग ओळखीच्या गाण्यांत आपला हात शोधत बसला नाही. तो तिथं नाही हे माहीत असल्यावर शोधायचं काय?

मेच्या पहिल्या आठवड्यात तो सकाळच्या गाडीनं धर्माबादला निघाला. ढोलकी घरीच ठेवली होती. कोंडाबाईनं ती खोळीसकट आणून त्याच्या हातात दिली. “त्येच्याकडं मोकळ्या हातानं कवा गेला व्हतात?”

धम्मानंद घरापुढच्या पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसला होता. नरसिंगनं त्याला लांबून ओळखलंच नाही, इतका तो वाळला होता. श्वास घेताना त्याचे खांदे वर-खाली व्हायचे. त्याची बायको केवळाबाई दारात आली, नरसिंगला बघून एक क्षण थांबली आणि पाणी आणायला आत गेली.

“जयभीम.”

“जयभीम. बस.”

नरसिंग बाजेच्या कडेला टेकला. सांगायचं म्हणून गाडीत पाठ केलेलं सगळं विसरला. “तू देगलूरला खरं बोलला व्हतास,” तो म्हणाला. “माझा हात पळत व्हता. आजबी पळतोय.”

मग त्यानं सगळं सांगितलं. मशीनचा उशीर, झाकलेले कान, लातूरहून आणलेली डबी, अश्वजितचं सरकवणं. धम्मानंदनं मान खाली घालून ऐकलं.

“म्हंजे तुझी चूक न्हाई,” तो म्हणाला.

“चूक कुणाची का असंना. हात माझा हाय.”

“तू गेल्यावर दोन ढोलकीवाले बगितले. चांगले व्हते. मला त्येंच्यावर चालता आलं न्हाई. पार्टी मोडली.” आणि खोळीकडे बघत तो म्हणाला, “काढ ती ढोलकी.”

“पळंल ती.”

“पळू दे.”

धम्मानंदनं आपलंच एक जुनं गाणं धरलं. दोघांनी शेकडो वेळा केलेलं, संथ चालीचं. आवाज पातळ झाला होता, पण सूर तोच होता. नरसिंगनं भीत भीत थाप टाकली. बसली. दुसरी बसली. धृपद झालं आणि एकदाही पायरी चुकली नाही. त्याला खरंच वाटेना. पहिलं कडवं गेलं. हात मोकळा सुटला होता, रंगात आला होता, आणि तरीही गाणं आणि ढोलकी बरोबर चालली होती. म्हणजे मशीननं बिघडवलेलं माणसाबरोबर बसून दुरुस्त होत होतं. त्यासाठी इथं यायला हवं होतं, आठ वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. नरसिंगनं आनंदानं मान वर केली आणि धम्मानंदकडे बघितलं.

धम्मानंदच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या. दोन्ही हातांनी त्यानं बाजेची कड घट्ट धरली होती. ज्या ओळीचं शेवटचं अक्षर तो लांबवायचा, ज्यासाठी लोक त्याला पुन्हा म्हणायला लावायचे, ते अक्षर तो अर्ध्यात तोडत होता, श्वास न घेताच पुढची ओळ उचलत होता. संथ चाल हळूहळू चढत जलद झाली होती. ढोलकी पळत होती, आणि ती बरोबर वाटावी म्हणून तो आजारी माणूस तिच्यामागं धावत होता.

नरसिंगनं दोन्ही हात पुडीवर दाबले.

धम्मानंदला खोकल्याची उबळ आली. केवळाबाई बाहेर आली, तिनं त्याची पाठ चोळली, पाणी पाजलं. “भाऊजी, दवाखान्यानं गायचं बंद सांगितलंय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

श्वास परत यायला बराच वेळ लागला. मग धम्मानंद हसला. “काऊन थांबलास? जमलं व्हतं की.”

“हाव,” नरसिंग म्हणाला. “जमलं व्हतं.”

आधी एकानं त्याला न सांगता मागं सरकवलं होतं, आता दुसरा न सांगता पुढं धावला होता. यापुढं जो कुणी आपल्याबरोबर गाईल त्याला हेच करावं लागणार, आणि जे प्रेम करतात तेच ते करणार, हे नरसिंगला त्या पत्र्याखाली स्वच्छ कळलं.

“दवाखान्याचं राहू दे,” धम्मानंद म्हणाला. “घे, दुसरं कडवं घेऊ.”

“हात दुखायलाय माझा.”

“जरासं.”

“न्हाई. तू गुणगुण वाटलं तर. मी नुसता ऐकतो.”

धम्मानंदनं मान हलवली. “ढोलकीबिगर मला न्हाई येत. तुला मालूम हाय.”

नरसिंगनं ढोलकी खोळीत घातली, नाडी बांधली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला. केवळाबाईनं चहा आणून ठेवला. नांदेडच्या गाडीला अजून दोन तास होते.